अंतराचे शास्त्र आणि जातीचे अंतर

अलीकडच्या मराठी वैचारिक लेखनात एक सूर वारंवार ऐकू येतो. माणूस मुळात वाईट नाही, त्याच्या हाती आलेल्या यंत्राने त्याला निर्दय केले आहे, असा तो सूर. मोबाइलच्या पडद्याआड समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्या डोळ्यांतले पाणी दिसत नाही. म्हणून एरवी सभ्य असलेला माणूस तेथे शिवीगाळ करतो, खोटे पसरवतो, एखाद्याला आयुष्यातून उठवतो. या निदानावर उपायही ठरलेला असतो. पुन्हा समोरासमोर बसा, पारावरच्या गप्पा परत आणा, गावातला जुना जिव्हाळा जागवा. असे लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यावयाची नाही. पण ज्या पारावर आपल्या आज्या-पणज्यांना बसता येत नव्हते, त्या पाराकडे परत चला, हे आमंत्रण आपण जसेच्या तसे स्वीकारायचे काय? चेहरा दिसल्याने माणूस वरमतो, हा सिद्धान्त आपल्या अनुभवाला उतरतो काय?

यंत्रामुळे येणारे अंतर आणि माणसाच्या हातून घडणारा अत्याचार यांचा संबंध नाही, असे मला म्हणावयाचे नाही. संबंध आहे. परंतु तो मांडताना जातीचे अंतर हिशेबात धरलेले नाही. ते धरले की सिद्धान्ताचा एक भाग कोसळतो आणि दुसरा भाग आपल्या सर्वांनाच अधिक अडचणीचा होऊन समोर येतो, एवढे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

१

या विचाराच्या मुळाशी जे शास्त्र आहे, ते आधी नीट समजून घेऊ. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये काही प्रयोग सुरू केले. त्यांवरचा पहिला निबंध १९६३ मध्ये आणि पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. जाहिरात वाचून आलेल्या सामान्य माणसाला सांगण्यात येई की, दुसऱ्या माणसाचे उत्तर चुकले की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि प्रत्येक चुकीला झटका वाढवत न्यायचा. झटका खोटा होता, परंतु देणाऱ्याला तो खरा वाटत होता. झटका खाणारा शेजारच्या खोलीत, नजरेआड असताना ४० पैकी २६ जणांनी ४५० व्होल्टचा शेवटचा खटका दाबला. त्याला त्याच खोलीत समोर आणून बसविले तेव्हा ही संख्या १६ वर आली. आणि त्याचा हात आपल्या हाताने धरून विजेच्या पट्टीवर दाबायचा, अशी अट घातली तेव्हा १२ जण उरले. जवळीक वाढत गेली तसतशी हुकूम मोडणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

पुढे इस्रायलमधील हैफा विद्यापीठातील संशोधकांनी संगणकावरून चालणाऱ्या भांडणांचा अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, नाव लपविण्यापेक्षाही नजरेला नजर न भिडणे हे शिवीगाळीचे मोठे कारण आहे. यंत्राने नजर तोडली आणि नजरेबरोबर लाज गेली, असे याचे मराठीत सार सांगता येईल.

हे सर्व मोलाचे आहे. परंतु मिलग्रॅमच्या प्रयोगातील एक तपशील आपल्याकडच्या चर्चेत कोणी सांगत नाही. झटका कोणी द्यायचा आणि कोणी खायचा, हे प्रयोगाच्या आरंभी चिठ्ठ्या टाकून ठरविले जाई. चिठ्ठ्यांमध्ये लबाडी होती, पण आलेल्या माणसाला ती ठाऊक नव्हती. म्हणजे खटक्यावर बोट ठेवून बसलेला प्रत्येक जण मनोमन जाणत होता की, चिठ्ठी दुसरी निघाली असती तर त्या खुर्चीवर मी असतो. समोरचा चेहरा दिसल्यावर त्याचा हात थांबला, तो या जाणिवेमुळे थांबला असे मला वाटते. डोळ्यांनी चेहरा पाहिला एवढ्याने भागत नाही. त्या चेहऱ्याच्या जागी आपला चेहरा असू शकतो, हे मनाने मान्य करावे लागते.

आपल्या समाजव्यवस्थेत ही चिठ्ठी जन्माआधीच काढलेली असते आणि ती पुन्हा कधी काढायची नसते. येथल्या कोणत्याही सवर्णाला आयुष्यात एकदा तरी असे भय वाटले आहे काय की, उद्या आपण महारवाड्यात जागे होऊ? हे भयच नसेल तर समोरचा चेहरा दिसून काय होणार?

२

जातीने अंतर राखण्याची साधने यंत्रयुगाच्या कितीतरी आधी तयार केली. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, वेगळे मसणवट, सावलीचा विटाळ ही सारी अंतराची साधनेच आहेत. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'वरील भाषणात केली आहे. ज्याच्यापासून अंतर राखायचे त्याच्याच अंगावर ते राखण्याचे साधन लादायचे, अशी ही तंत्रविद्या होती. आणि नजर न भिडण्याबद्दल बोलायचे तर, एका बाजूने खाली मान घालूनच उभे राहायचे, हा नियम आपल्याकडे शेकडो वर्षे पाळला गेला. हैफाच्या संशोधकांना प्रयोगशाळेत जी स्थिती निर्माण करावी लागली, ती आपल्या प्रत्येक चावडीसमोर होती.

म्हणून आपल्यावरील अत्याचाराचा इतिहास तपासला की, तो दुरून झालेला फारसा दिसत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. मारणारे त्याच गावचे होते. त्यांनी ही माणसे रोज पाहिली होती. चेहरे दिसत होते, हाका ऐकू येत होत्या, आणि दूर राहणे तर सोडाच, सारे हाताच्या अंतरावर घडले. मिलग्रॅमच्या तिसऱ्या प्रयोगात निदान २८ जणांचा हात थांबला होता. खैरलांजीत किती जणांचा थांबला?

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यांतून दलितांची घरे पेटली. तेव्हा त्या खेड्यांत मोबाइल नव्हता, कित्येक ठिकाणी साधा टेलिफोनही नव्हता. तरी द्वेषाची बातमी गावोगाव वेळेवर पोहोचली आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले. यंत्राने माणूस बिघडवला असे ज्यांना वाटते, त्यांनी १९७८ च्या या शेजाऱ्याचे काय करायचे ते सांगावे.

आपल्या साहित्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतील नायक रेल्वेत नोकरीला लागतो. सहकाऱ्यांमध्ये तो मिसळतो, त्याला मान मिळतो, घरोबा होतो. माणूस तोच, चेहरा तोच, जवळीक खरी. मग जात कळते आणि त्याच माणसांकडून त्याला मार बसतो. मधल्या काळात दोघांतले अंतर एक वीतभरही वाढलेले नसते. वाढते ते केवळ मनातले अंतर, आणि तेवढे पुरते. जवळीक माणसाला वाचवते, हा सिद्धान्त येल विद्यापीठात मांडला जात असतानाच, १९६३ मध्ये, बागुलांचा कथासंग्रह मराठीत आला. त्याने त्या सिद्धान्ताची मर्यादा दाखवून दिली. प्रस्थापित समीक्षेने या कथेतील विद्रोह पाहिला, प्रक्षोभ पाहिला. मनोव्यापाराचे जे शास्त्र त्या कथेत आहे, तिकडे तिचे लक्ष गेले नाही.

३

मग यंत्राने काहीच बदलले नाही काय? बदलले आहे, पण जेथे शोधले जाते तेथे नव्हे. हा बदल समजण्यासाठी निरोपाचा इतिहास पाहिला पाहिजे, आणि या देशात निरोपाचा इतिहास म्हणजे बहुतांशी आपलाच इतिहास आहे.

गावगाड्यात निरोप पोचविण्याचे काम महाराचे होते. मर्तिकाचा सांगावा घेऊन कोसच्या कोस अनवाणी जायचे, परगावी वेशीशी किंवा अंगणाबाहेर उभे राहून मोठ्याने सांगायचे आणि मिळेल ती भाकर घेऊन परतायचे. दवंडी पिटायची, सरकारी थैली न्यायची, अंमलदाराच्या पुढे धावायचे. शंकरराव खरातांच्या कथासंग्रहांची 'सांगावा' आणि 'दौंडी' ही नावे आठवा. 'तराळ-अंतराळ' हे त्यांच्या आत्मकथनाचे नाव आठवा. तराळ म्हणजे गावाचा निरोप्याच. तारायंत्र, टपाल आणि टेलिफोन खेड्यात येण्याआधी गावाचे दळणवळण या पायांवर चालत होते.

या व्यवस्थेचे गोडवे गावेत असे तिच्यात काही नव्हते. ती गुलामी होती, आणि तिच्या विरोधात बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाचे विधेयक आणले होते. परंतु तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. निरोपाला शरीर होते. निरोप दुसऱ्याचा असला तरी तो सांगणारा समोर उभा असे, आणि वाईट निरोपाबद्दलची पहिली शिवी, प्रसंगी पहिला फटका, तोच खात असे. न केलेल्या शब्दाची जबाबदारी त्याच्या पाठीवर पडे.

नंतर छपाई आली. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. इंग्रजांना आपल्या विरोधकांवर नजर ठेवायची होती, हे उघड आहे. पण त्यामुळे साध्या पत्रकाच्या तळाशीही एक पत्ता आला. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. ज्यांना उत्तर द्यायचे होते त्यांना ते कोणाला द्यायचे हे ठाऊक होते, कारण लेखाखाली नाव होते. लिहिणाऱ्याने आपल्या शब्दांचे परिणाम अंगावर घेतले. दलित साहित्याची बांधिलकी ती हीच.

आता खिशातल्या यंत्राने काय केले ते पाहू. त्याने निरोप ठेवला आणि निरोप्या काढून टाकला. धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातले गाव. येथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलामुलींना मी शिकवतो. एका समाजाविषयी अत्यंत गलिच्छ मजकूर एका विद्यार्थ्याने वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला, म्हणून त्याला विचारले. तो मुलगा उद्धट नव्हता. खरोखर गोंधळून म्हणाला, "सर, म्या काय लिवलं नाही. आलं तसं पुढं ढकललं." हाच मजकूर त्या समाजातल्या वर्गमित्रापुढे उभे राहून मोठ्याने वाचशील का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आसं कसं वाचू, सर? त्यो माह्या बाकावर बसतो."

त्याच्या पहिल्या वाक्यात आजच्या अत्याचाराचे अर्धे मानसशास्त्र आहे. लिहिणारा म्हणतो, मी कोणाला मारायला सांगितले नाही. पाठविणारा म्हणतो, मी लिहिले नाही. मारणारा म्हणतो, सगळेच म्हणत होते. तिघांच्या मध्ये जबाबदारी कोठेतरी पडून राहते आणि कोणीच ती उचलीत नाही. तराळाच्या पाठीवर दुसऱ्याच्या शब्दाचे ओझे होते. आजच्या निरोप्याच्या पाठीवर त्याच्या स्वतःच्या अंगठ्याचेही ओझे नाही. परंतु त्या मुलाचे दुसरे वाक्यही विसरता कामा नये. बाकावरच्या मित्राच्या जागी तो स्वतःला पाहू शकत होता. त्याच्याकडे चिठ्ठी अजून शिल्लक होती.

४

ही शिल्लक यंत्र किती थोड्या दिवसांत संपवू शकते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात दिसले. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी फिरत आलेली ही माणसे होती. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा संदेशांत एक चित्रफीत होती. मुलांची काळजी घ्या असे सांगण्यासाठी ती पाकिस्तानात कराचीमध्ये तयार केली होती, आणि तिच्या शेवटी पळविलेले मूल परत आणून सोडलेले दाखविले होते. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. कापणारा कोण, कोठला, कोणालाच कळले नाही. राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी पाच अनोळखी माणसे दिसली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन कोंडले आणि मरेपर्यंत मारले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

या घटनेत अंतर कोठे होते? संदेशात होते. मृत्यू मात्र हाताच्या अंतरावर झाला. लाकडाने, लाथांनी, चेहरे पाहत, विनवण्या ऐकत. दूर असल्यामुळे निर्दय झालो, असे म्हणण्याची सोय येथे कोणालाच नाही. यंत्राने आधी मनात अंतर पेरले आणि मग त्या अंतरानिशी माणसे जवळ गेली. समोर माणूस आला तेव्हा डोळ्यांनी त्याचा चेहरा पाहिलाच नाही, कारण चेहऱ्याच्या जागी संदेशातले चित्र आधीच येऊन बसले होते.

हे चित्र कोऱ्या पाटीवर उमटले नाही. वाटसरू, भिक्षेकरी, पालावर राहणारा म्हणजे चोर, ही समजूत इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून सरकारी केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, समजूत रद्द झाली नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने १९८७ मध्ये ही समजूत सोसणाऱ्यांच्या बाजूने आपल्यापुढे ठेवली. भटक्या माणसाला आधी पकडायचे आणि गुन्हा मागाहून शोधायचा, ही रीत त्या पुस्तकांच्या पानोपानी आहे. मोबाइलने या जुन्या साच्यात नवे शिसे ओतले.

पण राईनपाडा आपल्याला आणखी एका कारणाने अस्वस्थ करतो. ते आदिवासी भागातले गाव आहे. या भागातली माणसे पोटासाठी परमुलखात जातात, परक्या गावांत संशयाच्या नजरा झेलतात. चिठ्ठी दुसरी निघाली असती तर त्या खोलीत आपण असतो, हे समजण्याची पात्रता कोणात असेल तर ती यांच्यात होती. सवर्णाच्या मनातून ही जाणीव पुसायला जातीला शतके लागली. पीडितांच्या मनातून ती पुसायला यंत्राला काही दिवस पुरले. यंत्राचा नवेपणा मला येथे दिसतो. जातीने जे वरून खाली केले, ते यंत्र आता समपातळीवरच्या माणसांत करू लागले आहे.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली. ही मर्यादा अंगठ्याला आहे, मनाला नाही. तरी ती व्यर्थ म्हणता येणार नाही, कारण अंगठ्याला क्षणभर थांबावे लागले तर त्या क्षणात विचार येण्याची शक्यता असते.

५

येथे सिद्धान्ताची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यंत्र अंतर वाढवते, हे अर्धेच सत्य आहे. आपल्या बाबतीत यंत्राने अंतर कमी केले आणि त्याचीही किंमत आपणच मोजली. मे २०१५ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील शिर्डी येथे एका दलित तरुणाच्या मोबाइलची घंटी वाजली. घंटी बाबासाहेबांवरच्या गीताची होती. त्यावरून वाद झाला आणि त्या तरुणाची निर्घृण हत्या झाली.

या घटनेला अंतराच्या शास्त्रात कोठे बसवायचे? मारणाऱ्यांना राग आला तो अंतर नाहीसे झाल्याचा. जे नाव वस्तीच्या आत, जयंतीच्या मांडवात ऐकू यावे, ते सर्वांच्या बसण्याच्या जागी, शेजारच्या टेबलावरून, मोठ्याने ऐकू आले. ज्याने खाली मान घालून बसावे तो मान वर करून बसला होता. मोबाइलने गावकुसाची भिंत ओलांडली होती, आणि ती ओलांडली जाणे हाच गुन्हा ठरला. मध्यमवर्गीय चिंतकाला यंत्रातले अंतर सलते. जातीयवाद्याला यंत्राने आणलेली जवळीक सलते. हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय या विषयावरची मराठी चर्चा पुढे जाणार नाही.

६

कायद्यापुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातिवाचक अपमानाचा गुन्हा होण्यासाठी तो लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी व्हावा लागतो. २००८ च्या स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घराच्या फाटकाजवळची जागा ही अशी जागा मानली. २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही असे म्हटले. कायद्याला अपमानासाठी जागा लागते, साक्षीदार लागतो. मोबाइलमधला अपमान कोठे होतो? पाठविणाऱ्याच्या घरात की वाचणाऱ्याच्या हातात?

केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एक महत्त्वाचे पाऊल टाकले. इंटरनेटवर टाकलेली अपमानास्पद चित्रफीत जेव्हा जेव्हा कोणी उघडते, तेव्हा तेव्हा अपमानित व्यक्ती तेथे हजर आहे असे मानावे, असे त्या न्यायालयाने म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच, फेसबुकवरचा मजकूर खाजगी ठेवला की खुला याने फरक पडत नाही, असे सांगितले होते. मात्र त्या प्रकरणातील मजकूर एका विशिष्ट व्यक्तीला उद्देशून नव्हता म्हणून गुन्हा रद्द झाला. संपूर्ण जमातीला शिवी दिली की ती कोणालाच दिलेली नाही, असा याचा व्यवहारात अर्थ होतो. जातीची शिवी मुळात असतेच संपूर्ण जमातीला. हे कोडे सुटायचे आहे.

निरोप्याचा शोध घ्या, मूळ पाठविणारा उघड करा, अशी मागणी सरकारनेही २०२१ च्या नियमांत केली आणि कंपनीने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. या मागणीला डोळे झाकून पाठिंबा देण्यापूर्वी आपण भीमा-कोरेगाव प्रकरण आठवावे. त्यातील एका आरोपीच्या संगणकात दुरून घुसून कागदपत्रे ठेवली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. दुरून इजा करण्याची शक्ती जमावाच्या हाती आहे तशी सत्तेच्याही हाती असू शकते. सर्वांची पत्रे फोडण्याचा अधिकार सरकारला दिला की सर्वांत आधी कोणाची पत्रे फुटतील, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

७

राहिला प्रश्न आपला स्वतःचा, आणि तोच सर्वांत कठीण आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ते बोललेच पाहिजे. परंतु त्यानंतर आपल्या तरुणांच्या मोबाइलवर बौद्धांनी मातंगांविषयी आणि मातंगांनी बौद्धांविषयी जे लिहिले, पाठविले, ते ज्यांनी वाचले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. सवर्णांनी आपल्याला ज्या शिव्या दिल्या त्या आपण एकमेकांना देत होतो. अण्णा भाऊंचे छायाचित्र लावून बाबासाहेबांच्या अनुयायांना शिवी, आणि बाबासाहेबांचे छायाचित्र लावून अण्णा भाऊंच्या समाजाला शिवी. हेच चळवळीतील गटागटांत चालते. हेच आपल्यातील एखादी स्त्री स्पष्ट बोलली की तिच्या चारित्र्याविषयी चालते. तेथे मजकुराखाली नाव नसते, आणि असले तरी ते नाव घेऊन तिच्यासमोर उभे राहण्याची हिंमत नसते.

आमचा राग खरा आहे, शतकांचा आहे, असे म्हणून याचे समर्थन करता येणार नाही. दलित साहित्याचा विद्रोह व्यवस्थेविरुद्ध होता, आणि तो सही करून केलेला होता. निनावी शिवी हा विद्रोह होत नाही. मातंग आणि बौद्ध एकाच गावकुसाबाहेर राहिले, एकाच चावडीपुढे वाकले. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला निघू शकत होती, नव्हे, निघतच होती. तेथेही ती जाणीव मरत असेल, तर राईनपाडा आपल्यापासून दूर नाही.

आपल्या लेखकांपुढे येथे नवे काम आहे. आपली आत्मकथने ज्या अपमानांवर उभी राहिली, त्यांना जागा होती, वेळ होती, अपमान करणाऱ्याला नाव आणि आडनाव होते. विहीर होती, शाळेचा उंबरठा होता, चहाची फुटकी कपबशी होती. आज वसतिगृहाच्या खाटेवर रात्री दोन वाजता मोबाइल पाहणाऱ्या मुलीचा अपमान होतो, तेव्हा विहीर नसते, मास्तर नसतो, साक्षीदार नसतो. अपमान करणारे दोनशे असतात आणि एकही नसतो. सकाळी ती कोणाकडे बोट दाखवील? या अनुभवाला अजून आपल्याकडे भाषा नाही. जुन्या आत्मकथनांची भाषा उसनी घेऊन तो मांडता येणार नाही. तो ज्यांनी सोसला त्यांनीच तो लिहावा, आणि ज्यांनी तो दिला त्यांनीही कधीतरी लिहावा.

समोरासमोर बसा, असे सांगणाऱ्यांना मग आपण काय उत्तर द्यायचे? बसू. पण पार सर्वांचा झाल्यावर, आणि नजर वर करून. तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करू. आपल्या वस्तीत, महाविद्यालयात, चळवळीच्या गटात इतकी रीत घालून देऊ की, जो मजकूर मी त्या माणसासमोर उभा राहून वाचणार नाही तो मी पाठविणार नाही, आणि पाठविला तर त्याखाली माझे नाव, माझ्या गावाचे नाव असेल. दुसऱ्याच्या शब्दाबद्दल मार खाणारा तराळ आपला पूर्वज होता. स्वतःच्या शब्दाबद्दल उभे राहण्याइतके तरी आपण त्याचे देणे लागतो.